एका मिलिमीटरच्या फटीतलं भांडण

बाटली लिटरभराची, पण उचलली आणि मनगट खाली गेलं. काट्यावर ठेवली तर तीन किलोच्या आसपास. आत काळपट करडं, डांबर पातळ करावं तसं तेल. "काका, जपून, महाग आहे," म्हणत पोरांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शेडमध्ये दोन लेथ, एक मिलिंग आणि एक जुनं होनिंग मशीन, एवढाच पसारा. पोरं इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. प्रोजेक्ट होता विजेचं बटण दाबलं की कडक होणारा आणि सोडलं की मऊ पडणारा शॉकअप. कागदावर त्याचं नाव मॅग्नेटोरिऑलॉजिकल डॅम्पर. शेडमध्ये दुसऱ्याच दिवशी त्याचं 'एमआर' झालं.

माझं काम ड्रॉइंगप्रमाणे जॉब काढून देण्याचं. पण या ड्रॉइंगमध्ये पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात एक मिलिमीटरची फट दाखवली होती, आणि तिच्यावरून पोरं माझ्यासमोर दोन तास भांडली. एकाला ती अर्ध्या मिलिमीटरची हवी होती, एकीला दीडची. तिसरा म्हणत होता, फट राहू दे, आधी कॉइल, म्हणजे करंट सोडला की चुंबक होणारं तारेचं वेटोळं, कुठे बसवायची ते सांगा. ऐकता ऐकता मला कळत गेलं, की हा सगळा डॅम्पर त्या फटीतच आहे. बाकीचं लोखंड, तांबं आणि रबर तिची बडदास्त ठेवायला. पुढचं सगळं त्या फटीबद्दल आहे.

आधी साधा शॉकअप. गाडीची स्प्रिंग धक्का साठवते आणि परत करते. नुसती स्प्रिंग ठेवली तर गाडी एका खड्ड्यावर पुढचे दहा सेकंद डोलत राहील. शॉकअप तो धक्का खातो. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं. पिस्टन हलला की तेलाला त्या भोकांतून चेपून जावं लागतं आणि हालचालीची उष्णता होते. भोकं केवढी ठेवायची हे कारखान्यात एकदाच ठरतं. इथेच अडचण आहे. पिंपळगावहून द्राक्षाच्या पेट्या भरलेली गाडी महामार्गावर वेगाने वळते तेव्हा शॉकअप कडक हवा, नाहीतर गाडी झोलते. तीच गाडी बागेतून निघणाऱ्या कच्च्या रस्त्यावर असते तेव्हा तो मऊ हवा, नाहीतर घडातले मणी पेटीतच गळतात. भोकं दोन्हीकडे तीच. त्यामुळे प्रत्येक साधा शॉकअप म्हणजे तडजोड असते.

भोक लहानमोठं करणारे शॉकअपही असतात, आत छोटी झडप आणि तिला फिरवणारी यंत्रणा. एमआर वाल्यांनी दुसरी वाट धरली. भोक तेवढंच ठेवा, त्यातलं तेलच बदला.

ते तेल असं बनतं. लोखंडाची अतिशय बारीक, गोल कणांची पूड घ्यायची, कण साधारण एक ते दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या ग्राइंडरखाली साचते तसली भुकटी चालत नाही. ती टोकेरी असते, सिलिंडर ओरबाडते. ही पूड लोखंड आणि कार्बन मोनॉक्साइड यांचं एक द्रवरूप संयुग उष्णतेने फोडून बनवतात, म्हणून तिला कार्बोनिल आयर्न म्हणतात. ती सिलिकॉन तेलात किंवा सिंथेटिक तेलात कालवायची आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून थोडी औषधं घालायची. आकारमानाने लोखंड ३० टक्के धरलं तरी वजनाने ते ८० टक्क्यांच्या आसपास जातं, कारण लोखंड तेलाच्या नऊपट जड. माझं मनगट खाली का गेलं, त्याचं उत्तर हे.

चुंबक लांब असेपर्यंत हे नुसतं जाडसर तेल असतं. चुंबक जवळ आला की प्रत्येक कण स्वतःच इवलासा चुंबक होतो, एकाचं उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकाला चिकटतं, आणि चुंबकरेषांच्या दिशेने कणांच्या साखळ्या उभ्या राहतात. पाच मायक्रॉनचे कण धरले तर एक मिलिमीटरच्या फटीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनशे कणांची एक रांग. अशा लाखो रांगा, आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत.

गणपती विसर्जनाला मेन रोडवर उभं राहिलेल्यांना हे पटकन कळेल. गर्दी कितीही असो, खांद्याला खांदा घासत माणूस पुढे सरकतो. पण एखाद्या मंडळाचे कार्यकर्ते हातात हात घालून या दुकानापासून त्या दुकानापर्यंत आडवे उभे राहिले की तीच गर्दी थबकते. पुढे जायचं तर कुणाचे तरी हात सुटायला हवेत. तेवढा रेटा मागून आला तर साखळी तुटते, माणसं पुढे जातात, आणि मागे पुन्हा हात जोडले जातात. कॉइलमधला करंट म्हणजे त्या हातांची पकड.

म्हणून चुंबकाखालचं हे तेल नुसतं 'घट्ट' झालं म्हणणं पुरेसं नाही. मधही घट्ट असतो, पण चमचा उलटा केला की हळूहळू का होईना, पडतो. श्रीखंडाचा चमचा उलटा करा. पडत नाही. एक झटका दिला की मात्र निसटतं. श्रीखंडाला हलण्यासाठी एका किमान जोराची गरज असते, त्याच्या आत ते घन असल्यासारखं वागतं. या किमान जोराला शास्त्रात यील्ड स्ट्रेस म्हणतात आणि अशा पदार्थाला बिंगहॅम पदार्थ. एमआर तेलाची सगळी करामत अशी, की त्याचा हा किमान जोर शून्याजवळून ४०-५० किलोपास्कलपर्यंत विजेने वरखाली करता येतो. ५० किलोपास्कल म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेकब रॅबिनोव यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी लोखंडाची पूड घातलेल्या तेलाचा क्लच करून दाखवला होता. त्याच सुमारास विलिस विन्स्लो विजेच्या दाबाने घट्ट होणाऱ्या तेलावर काम करत होते, पण त्या तेलाला हजारो व्होल्ट लागतात आणि ताकद एमआरच्या दहाव्या हिश्शाच्याही आत राहते. चुंबकवाल्याला गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पुरते. तरीही ते चाळीसेक वर्षं अडगळीत पडलं, कारण तेल टिकायचं नाही आणि करंट क्षणाक्षणाला बदलणारी स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स नव्हती. १९९० च्या दशकात लॉर्ड कॉर्पोरेशनने ते बाजारात आणलं, आणि २००२ साली डेल्फी कंपनीची मॅग्नेराइड ही यंत्रणा घेऊन कॅडिलॅक सेव्हिल रस्त्यावर आली. मोटारीत एमआर शॉकअप येण्याची ती पहिली वेळ. जाता जाता एक गोष्ट: यूट्यूबवर चुंबकाजवळ काटे उभारणारं जे काळं तेल दिसतं, ते हे नव्हे. ते फेरोफ्लुइड, १९६३ मध्ये नासात रॉकेटच्या इंधनासाठी जन्मलेलं. त्याचे कण हजार-पाचशे पटींनी लहान असतात, दिसतं झकास, पण साखळीत दम नसतो.

आता फट. आमचा सिलिंडर आतून ४० मिलिमीटरचा, पिस्टन ३८ चा, म्हणजे चारी बाजूंनी एक मिलिमीटर. रॉड १२ चा. पिस्टन म्हणजे धाग्याच्या रिळासारखा आकार: मध्ये २५ मिलिमीटरचा गाभा, त्यावर तारेचे वेढे, आणि दोन्ही टोकांना ८-८ मिलिमीटर रुंदीची कडी. पोरं त्या कड्यांना पोल म्हणत होती. चुंबकरेषा गाभ्यातून एका पोलमध्ये येतात, फट ओलांडून सिलिंडरच्या भिंतीत शिरतात, भिंतीतून पुढे जातात, पुन्हा फट ओलांडून दुसऱ्या पोलमध्ये, आणि परत गाभ्यात. तेल घट्ट होतं ते फक्त या दोन पोलांसमोर. कॉइलसमोरच्या १२ मिलिमीटरमध्ये तेल नुसतं वाहतं.

घट्ट झालेल्या १६ मिलिमीटर लांबीच्या फटीतून तेल ढकलायला किती दाब लागतो? किमान जोर गुणिले लांबी भागिले फट, आणि याला दोन ते तीनच्या मधला एक गुणक. ४० किलोपास्कल आणि अडीचचा गुणक धरून १६ लाख पास्कल येतात, म्हणजे १६ बार, चौरस सेंटिमीटरला सोळाएक किलो. हा दाब रॉडची जागा वगळून सिलिंडरच्या छेदातल्या ११४३ चौरस मिलिमीटरवर पडतो. हिशेब १८३० न्यूटनवर जातो. शेडच्या भाषेत १८६ किलो. ते चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोही नसलेलं किरकोळ प्रकरण फटीच्या अरुंदपणामुळे असं फुगतं.

मग फट अर्धी केली तर ताकद दुप्पट, नाही का? भांडणातला पहिला पक्ष हेच म्हणत होता, आणि त्याचं गणित बरोबर होतं. ३७० किलोंच्या पुढे जातं. पण चुंबक बंद असतानाही तेलाला त्याच फटीतून जायचं असतं, आणि तिथला नियम फार खाष्ट आहे: फट जितकी कमी, तितका साध्या तेलाचा विरोध तिच्या घनाने वाढतो. फट अर्धी, विरोध आठपट. पिस्टन सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने गेला आणि तेल पाण्याच्या शंभरपट दाट धरलं, तर एक मिलिमीटरच्या फटीत चुंबकाविना विरोध सात किलोंचा. अर्ध्या मिलिमीटरमध्ये तोच ५८ किलोंचा. बटण बंद असतानाही शॉकअप दगडासारखा, मग एमआर करून मिळवलं काय?

या धंद्यात म्हणून नुसती ताकद विचारत नाहीत. विचारतात ते गुणोत्तर: चालू असताना किती भागिले बंद असताना किती. बंद असतानाच्या आकड्यात रबरी सीलची घासणही मिळवायची. ती दहा किलो धरली, तर अर्ध्या मिलिमीटरला गुणोत्तर साडेसहा पडतं, एक मिलिमीटरला बारा, दीडला अकराच्या वर. म्हणजे दीडवाली मुलगी फारशी चुकीची नव्हती. पण तिच्या फटीत ताकद १२४ किलोंवर उतरते, आणि कॉइलही दीडपट मोठी लागते. एक मिलिमीटर ही संख्या कुणी अंदाजाने टाकली असेल असं मला वाटलं होतं. ती अशा ओढाताणीतून आली होती. बहुतेक एमआर डॅम्परांत फट अर्धा ते दोन मिलिमीटर असते, त्याचंही कारण हेच.

आता तिसऱ्या पक्षाकडे, कॉइलवाल्याकडे. तेलाला ४० किलोपास्कलचा दम यायला फटीत दर मीटरला सुमारे दोन लाख अँपिअर-वेढ्यांचं चुंबकक्षेत्र लागतं. घाबरायचं नाही, आपली फट मीटरची नाही. रेषा दोनदा फट ओलांडतात, म्हणजे एकूण दोन मिलिमीटर. दोन लाख गुणिले ०.००२, झाले ४०० अँपिअर-वेढे. दोन अँपिअर सोडायचे तर २०० वेढे. सातपूरच्या आमच्या नेहमीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे रीळ घेऊन गेलो. तो पंपाच्या मोटरी भरणारा माणूस. "एवढंसं? किती टर्न, भाऊ?" २५ गेजची इनॅमल तार, अर्ध्या मिलिमीटरची, वीसेक मीटर लागली. कॉइलचा रोध पावणेदोन ओहमच्या आसपास आला, म्हणजे दोन अँपिअरला साडेतीन व्होल्ट आणि सात वॅट. घरातल्या एलईडी बल्बाएवढ्या विजेवर १८६ किलो अडवायचे. तो माझ्याकडे बघतच राहिला.

पण वेढे घातले की चुंबक झाला, असं नाही. चुंबकरेषांचं गंगापूर धरणाच्या पाइपलाइनसारखं असतं: वाटेत कुठे नळ अरुंद झाला, तर पुढे कितीही रुंद पाइप टाका, पाणी तेवढंच. लोखंडालाही अशी मर्यादा आहे. साध्या माइल्ड स्टीलमधून दीड-पावणेदोन टेस्लापर्यंत (टेस्ला म्हणजे रेषांच्या दाटीचं माप) रेषा सुखाने जातात, पुढे ते भरून जातं. फटीत आम्हाला सुमारे ०.७ टेस्ला हवे होते. पहिल्या ड्रॉइंगमध्ये पोल ८ ऐवजी १५ मिलिमीटर रुंद होते. रुंद पोल, जास्त घट्ट तेल, जास्त ताकद, असा साधा विचार. हिशेब केला तर त्या दोन रुंद पोलांना पुरतील एवढ्या रेषा २५ च्या गाभ्यातून नेताना तिथे अडीच टेस्ला लागत होते. लोखंडाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. म्हणजे करंट कितीही वाढवा, फक्त कॉइल तापेल. ८ मिलिमीटरवर आणलं तेव्हा गाभ्यात १.४ च्या खाली आलं. सिलिंडरची भिंत तीनऐवजी चार मिलिमीटरची केली तीही यासाठीच, दाबाला तीन पुरली असती. एमआर डॅम्पर जाडजूड का दिसतो, याचं उत्तर बहुधा चुंबकाच्या वाटेत असतं.

इथे आमची एक फजितीही सांगतो. पहिला सिलिंडर मी ३०४ स्टेनलेसच्या पाइपातून काढला. शेडमध्ये पडलेला होता, गंजत नाही, दिसतो चकचकीत. सगळं जुळवलं, करंट सोडला, रॉड ओढला. काही फरक नाही. दोन अँपिअरला नाही, तीनला नाही. पोरांनी तेलाला शिव्या घातल्या, मी वाइंडिंगवाल्याला. मग त्यातल्या एकाने दारावरचं लोहचुंबक काढून सिलिंडरला लावलं आणि ते टणकन खाली पडलं. ३०४ ला चुंबक धरत नाही, हे स्वयंपाकघरात डबे घासणाऱ्याला कळतं. मला तीस वर्षं लेथ चालवून त्या दिवशी आठवलं नाही. रेषांना परतीची वाटच नव्हती. रॉड मात्र स्टेनलेसचा ठेवला तर बरं, म्हणजे रेषा भलतीकडे पळत नाहीत.

पिस्टनच्या बाबतीत "काका, ईएन-८ चालेल का?" असं विचारलं गेलं, आणि मी चालेल म्हणालो. चालतं, पण या पोलादात कार्बन जास्त, त्यामुळे करंट बंद केल्यावरही थोडं चुंबकत्व मागे राहतं आणि शॉकअप पुरता मऊ पडत नाही. उलटसुलट, कमी कमी होत जाणारा करंट देऊन ते उतरवता येतं. पण कमी कार्बनचं पोलाद घेऊन तापवून हळू थंड केलेलं केव्हाही चांगलं.

एक मिलिमीटर ड्रॉइंगवर चारी बाजूंना सारखा असतो. प्रत्यक्षात पिस्टन किंचित एका बाजूला बसतो, मग इकडे ०.७ आणि तिकडे १.३. तेल रुंद बाजूने पळतं, तो घनाचा नियम आता उलटा अंगावर येतो. वर चुंबक अरुंद बाजूला जास्त जोराने ओढतो, म्हणजे सरकलेला पिस्टन आणखी सरकतो, शेवटी भिंतीला चिकटून घासतो. यावर उपाय पितळेच्या दोन चकत्या: पिस्टनच्या दोन्ही टोकांना, पिस्टनहून मोठ्या, सिलिंडरमध्ये सरकत्या बसणाऱ्या, तेल जायला कडेला खाचा पाडलेल्या. पितळेला चुंबक धरत नाही, त्यामुळे रेषांची वाट बिघडत नाही, आणि पिस्टन मधोमध राहतो. या चकत्या ड्रॉइंगमध्ये नव्हत्या. त्या माझ्या, एवढं श्रेय मी घेतो.

रॉडमधून तार बाहेर काढायची तर १२ च्या रॉडला लांबीभर ४ मिलिमीटरचं भोक हवं. दोन रॉड त्यात वाया गेले, ड्रिल वाट सोडून बाजूला निघालं. तिसऱ्याला दोन्हीकडून भोक पाडलं आणि मध्ये जुळवलं. तार घालून टोकं इपॉक्सीने बंद केली.

आणखी एक गोष्ट शॉकअप उघडून पाहिलेल्यांना ठाऊक असते. पिस्टन आत गेला की रॉडही आत जातो, आणि रॉडएवढं तेल कुठे तरी सरकायला हवं. तेल दबत नाही. म्हणून तळाशी एक सरकती बूच आणि तिच्यामागे नायट्रोजन वायू. वायूचा दाब कितीही चालत नाही. पिस्टन आत दाबला जाताना त्याच्या रॉडकडच्या बाजूला दाब १६ बारने उतरतो. वायूचा दाब त्याहून कमी असेल तर तिथे पोकळी होते, बुडबुडे येतात आणि शॉकअप मध्येच फुसका पडतो. म्हणून २० बार. फटीने ठरवलेला दाब इथपर्यंत येऊन पोचतो.

तेलाचं दुखणं वेगळं. लोखंड बुडतं, त्याला इलाज नाही. पाच मायक्रॉनचा एकटा कण पाण्याच्या शंभरपट दाट तेलात दिवसाला आठेक सेंटिमीटर खाली जातो. गर्दीत कण एकमेकांना अडवतात आणि तेलात घातलेली औषधं त्यांना तरंगत ठेवायला बघतात, म्हणून प्रत्यक्षात वेग बराच कमी. पण थांबत कुणीच नाही. गाडीचा शॉकअप हलत राहतो, तेल आपोआप ढवळलं जातं. कण एकमेकांना घट्ट न चिकटता सैल बसले असले की झालं. महिनोन्‌महिने न हलणाऱ्या इमारतीच्या डॅम्परात मात्र ही खरी डोकेदुखी आहे. दुसरं दुखणं याच्या उलट: तेल खूप वापरलं गेलं की कणांवरचा पातळ थर खरवडून त्याचा आणखी बारीक चुरा होतो आणि तेल कायमचं दाट होत जातं. आणि सील. रॉडवरचा हार्ड क्रोम गुळगुळीत नसेल तर लोखंडी कण सीलखाली शिरतात, वाळूच्या कागदासारखे काम करतात. आमचं पहिलं सील दोनशे फेऱ्यांत गळायला लागलं. क्रोम पुन्हा पॉलिश करून आणले आणि सीलच्या आधी एक पुसणारी कडी घातली तेव्हा थांबलं.

एवढं सगळं झाल्यावर हा डॅम्पर करतो काय? ढकलत नाही, फक्त अडवतो. कधी किती अडवायचं हे बाहेरचा मेंदू ठरवतो. त्यातला सर्वात गाजलेला नियम १९७४ साली कार्नोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. कल्पना करा, गाडी वरून आकाशाला एका शॉकअपने बांधली आहे. खाली रस्ता कसाही असो, ती हलणारच नाही. आकाशाला हुक लागत नाही, म्हणून त्याची नक्कल करायची. गाडीची बॉडी वर चालली आहे आणि शॉकअप ताणला जातोय, तर करंट सोडा, तो बॉडीला मागे ओढेल. बॉडी वर चालली आहे पण शॉकअप दाबला जातोय, म्हणजे चाक तिच्याहून वेगाने वर येतंय, तर करंट तोडा, नाहीतर शॉकअप बॉडीला आणखी उडवेल. खाली येताना उलट. एवढंच. हा निर्णय सेकंदाला शेकडो वेळा घ्यायचा. पेठ रोडवर ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी १० मिलिसेकंदांत १७ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे खड्ड्याच्या या कडेला कडक असलेला शॉकअप त्या कडेपर्यंत मऊ होऊ शकतो. तेल तेवढं चपळ असतं. आळशी असते ती कॉइल. तिच्यात करंट चढायला वेळ लागतो, आणि भरीव पोलादात बदलत्या चुंबकामुळे भोवऱ्यासारखे प्रवाह उठून त्याला आणखी मागे खेचतात. म्हणून चालवणारं सर्किट साडेतीन व्होल्टचं न ठेवता पूर्ण १२ व्होल्टचा फटका देऊन करंट पटकन चढवतं आणि मग आवरतं.

मोठ्या मापातही हेच चालतं. २००१ मध्ये टोकियोच्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयाच्या इमारतीत भूकंपासाठी ३० टनी एमआर डॅम्पर बसले. चीनमधल्या दोंगतिंग सरोवरावरच्या पुलाच्या तिरक्या केबली पाऊस आणि वारा एकत्र आले की थरथरायच्या, तिथे २००२ मध्ये ते लावले गेले. कृत्रिम पायाच्या गुडघ्यातही हे तेल असतं, तिथे फट याहूनही बारीक आणि तेल ढकललं न जाता पातळ चकत्यांच्या मध्ये घासलं जातं.

आमचा डॅम्पर शेवटी माइल्ड स्टीलच्या सिलिंडरमध्ये जुळला. एका टोकाला वाइसमध्ये धरला, वायू नंतर भरू म्हणून रिकामाच ठेवला. रिवाइंडिंगवाला त्याच्या २०० वेढ्यांचं काय झालं ते बघायला सातपूरहून आला होता. रॉडला कडी अडकवून त्याने ओढला, तो लोण्यातून निघावा तसा बाहेर आला. पोराने नॉब फिरवला, मीटरवर १.२ अँपिअर. त्याने पुन्हा ओढला. मग वाइसला पाय लावून ओढला. रॉड जागचा हलला नाही. "बंद कर," तो म्हणाला. नॉब मागे फिरला तेव्हा तो अजून जोर लावूनच उभा होता, रॉडसकट दोन पावलं मागे गेला आणि मिलिंगच्या टेबलाला टेकला.

पोरं हसत होती. तो मात्र कडी हातात धरून पुन्हा पुढे आला आणि म्हणाला, फट थोडी कमी केली तर? ०.८?

अर्धावाला आणि दीडवाली पुन्हा सुरू झाले. मी ३८.४ चा पिस्टन काढायला लेथवर बार चढवला. या वेळी ईएन-८ नाही.